साडेतीन आणे एकर

आमच्या तालुक्याच्या गावी कशाचे क्लास नाहीत ते विचारा. दहावी, बारावी, नीट, सीईटी, पोलीस भरती, तलाठी भरती, इंग्लिश स्पीकिंग, अबॅकस, मेंदी. एका फलकावर तर 'गोळाफेक, गॅरंटीसह' असंही लिहिलंय. इतिहासाचा मात्र एकही नाही. हा शोध मला लागला वयाच्या 46व्या वर्षी. तोवर एम.ए. इतिहासाचा बहिःस्थ फॉर्म भरून झाला होता, फी गेली होती आणि पुस्तकांचं पार्सल घरात येऊन पडलं होतं.

फॉर्म मुलीनं भरला, पण दोष माझा. अंजनगाव सुर्जीपासून जवळच माझं कृषी केंद्र आहे. सरकी आणि खत विकता विकता गिऱ्हाइकाला दोन शब्द इतिहास ऐकवायची मला खोड. पानिपतची लढाई मी गल्ल्यावर बसून कितीदा लढलो असेन, आणि खरं सांगतो, त्यातल्या बऱ्याच जिंकल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं बोलताच तर एम.ए. तरी करून टाका. लोक निदान घाबरून ऐकतील."

पार्सल फोडलं. वाटलं, लढाया असतील, किल्ले असतील. वरचंच पुस्तक 'इतिहासलेखनशास्त्र'. त्यात मराठे नाहीत, मोगल नाहीत, लिओपोल्ड फॉन रांके नावाचे एक जर्मन गृहस्थ ठाण मांडून बसलेले. पुढं वस्तुनिष्ठता, कार्यकारणभाव, साधनांचं बहिरंग परीक्षण, अंतरंग परीक्षण. परीक्षण म्हटलं की मला माती परीक्षण ठाऊक. वावराच्या चार कोपऱ्यांतली माती पिशवीत भरून पाठवायची आणि कागद यायची वाट पाहायची. इथं माती कोणाची घ्यायची तेच कळेना.

म्हणून क्लासवाल्या सरांकडं गेलो. भरतीची पोरं बाहेर जोर काढत होती. सर म्हणाले, "इतिहासाची ट्यूशन? इतिहासाले ट्यूशन कायले लागते भाऊ? झालं ते झालं!" मग दया येऊन त्यांनी एका ओळीत उत्तरं असलेली वही दाखवली. तह, सन, ठिकाण, संपलं. मी म्हटलं, "सर, मला 15 मार्कांचं उत्तर लिहायचंय." ते म्हणाले, "मंग तेच पंधरा खेपा लिहा."

तिथून झेरॉक्सवाला. हा माणूस आमच्या भागातला खरा कुलगुरू. त्यानं डोळे मिटून सहा प्रश्न सांगितले. "एवढे पाठ करा. पाचवा येतेच."

"नाही आला तर?"

"मंग पुढल्या साली येते."

मुलीनं मोबाईलवर दिल्लीच्या एका मास्तरांचे व्हिडिओ लावून दिले. रेंज फक्त गोदामाच्या पत्र्यावर. मी भर उन्हात पत्र्यावर बसलेलो, टकलावर टॉवेल, आणि ते मास्तर दर दोन मिनिटांनी म्हणायचे, "तो बच्चों, समझ में आया?" खालून जाणाऱ्या एका कास्तकारानं विचारलं, "भाऊ, वर काय पाहून राह्यले? पाणी येते काय?" त्या दिवशी खाली उतरलो तो पुन्हा चढलो नाही.

सर भेटले ते अखेर दुकानातच, खत घ्यायला आले म्हणून. एम.ए., नेट, पीएच.डी., आणि तीन गावांच्या तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर पैसे, न झाला तर घरी तूर बघायची. सकाळी अचलपूर, दुपारी अंजनगाव, संध्याकाळी दर्यापूर. इतिहासावर माझ्याशी पाच मिनिटं बोलले आणि पानिपतच्या माझ्या विजयाला त्यांनी एका वाक्यात सुरुंग लावला. मी तिथल्या तिथं शिकवायची गळ घातली.

"महिन्याचे किती घ्याल सर?"

ते संकोचले. "पैसे राहू द्या भाऊ. तीन एकर तूर आहे माझी."

फी ठरली. सालाला 10:26:26 खताच्या चार बॅगा, फवारणीचं औषध वेगळं. दोन कॉलेजांच्या मधला दीड तास ते माझ्या दुकानात घालवणार. वर्ग ऑगस्टात सुरू झाला. सर युरियाच्या थप्पीवर, मी गल्ल्यावर, आणि मधे सतत गिऱ्हाईक.

गिऱ्हाइकांत एक काकाजी. पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. एक बॅग घ्यायला येत आणि तास संपेपर्यंत बसत. नाव नोंदवलेला विद्यार्थी मी, पण प्रश्न त्यांचे.

पहिल्याच आठवड्यात सरांनी काउंटरवर 1803च्या इंग्रज-मराठा युद्धाचा नकाशा मांडला. सरकीचं पाकीट म्हणजे गाविलगड. फवारणी पंपाचं नोझल म्हणजे आडगाव. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्यासाठी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या दोन पुड्या. तणनाशकाची लाल बाटली म्हणजे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. "जिथं गेला तिथं काही उगवू दिलं नाही," सर म्हणाले. मग बाटली सरकू लागली. 29 नोव्हेंबरला आडगावची लढाई. 15 डिसेंबरला गाविलगड पडला. 17 डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह. 30 डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह.

"कोणतं अंजनगाव?" काकाजी.

"हेच."

काकाजींनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर अंजनगावची एसटी उभी होती आणि पलीकडं सातपुड्याची निळी रांग. "आजलोक कोणं सांगतलं नाही राजेहो! मी दर बाजाराले जातो तिथं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "नोव्हेंबर-डिसेंबर म्हंजे सोंगणीचे दिवस सर. माणसं लढाईत, मंग ज्वारी कोणं सोंगली?"

सरांनी उत्तर दिलं नाही. खिशातून पेन काढून प्रश्न तळहातावर लिहून घेतला. इतिहासाचा माणूस असा प्रश्न लिहून घेताना मी पहिल्यांदाच पाहिला. माझे प्रश्न ते नुसते ऐकून घेत.

"बरं, मले निघाले पाह्यजे," म्हणत काकाजींनी काउंटरवरची लाल बाटली उचलली. "हे लिहून ठेवा माह्या नावावर." आणि पाहता पाहता गाविलगड जिंकलेला, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती 380 रुपयांच्या उधारीवर धुऱ्यानं चालता झाला. माझ्या डोक्यात तह चाललेला. मी वहीत लिहिलं: काकाजी, वेलस्ली 1, रु. 380.

ही नोंद लक्षात असू द्या.

सप्टेंबरात वऱ्हाड आलं. देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, तो निजामाकडं गेला. 1853 मध्ये निजामानं फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं.

"म्हंजे गहाण," काकाजी.

"तसंच. आणि 1902 मध्ये करार झाला. सालाचे 25 लाख रुपये देऊन इंग्रजांनी वऱ्हाड भाडेपट्ट्यानं घेतलं."

"मक्त्यानं म्हणा ना सर. मुदत किती?"

"कायमची."

"कायमचा मक्ता कुठं असते? ते तं इकल्यावानीच झालं."

"नाही, मालकी नावाला निजामाचीच. 1936 मध्ये तर त्यांच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, अशी पदवी मिळाली."

काकाजींचा चेहरा उजळला. "समजलं. सात-बारा त्याच्या नावावर, वहिती इंग्रजाची."

मी ते पुस्तकातलं प्रकरण चार वेळा वाचलं होतं. अकरा पानं आहेत. त्यांचा सगळा अर्थ या एका वाक्यात आला, आणि ते वाक्य मला सुचलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

पण काकाजी थांबणारे नव्हते. "एकरी काय पडलं?"

सर म्हणाले, वऱ्हाड सुमारे 17,700 चौरस मैल. मी मोबाईल काढला. एका चौरस मैलाचे 640 एकर, म्हणजे एक कोटी तेरा लाखांच्या वर एकर. 25 लाखाला त्यानं भागलं. बावीस पैसे.

"जुने सांगा."

"साडेतीन आणे."

दुकानात सामसूम. युरियाच्या रांगेतले दोघं-तिघंही थांबले. काकाजींनी बोटांवर हिशोब केला. "माह्या पाच एकराचा एक रुपया दीड आणा. सालाचा. अन् माह्या बाजूचा बेटा यंदा मक्त्याचे पंधरा हजार एकरी मागते." मग मागच्या माणसाकडं वळून म्हणाले, "लय सस्त्यात गेलो आपण." संध्याकाळपर्यंत ही बातमी पारावर होती, आणि दुसऱ्या दिवशी एक जण मला विचारायला आला की तो मक्ता आता कोणाकडं भरावा लागते.

दिवाळीनंतर इतिहासलेखनशास्त्र काढलं. रांके म्हणायचा, इतिहास जसा प्रत्यक्षात घडला तसा लिहा. पण घडला कसा हे सांगणार कागद, आणि कागदावर एकदम विश्वास टाकायचा नाही. आधी बहिरंग परीक्षण: कागद खरा का, अक्षर कोणाचं, शाई कधीची. मग अंतरंग परीक्षण: लिहिणाऱ्याचा हेतू काय, त्याला खरं माहीत होतं का, खोटं लिहून त्याचा फायदा होता का. मला ते पुन्हा पुन्हा समजावून सांगताना सर घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "भाऊ, तुमची उधारीची वही घ्या. हे अस्सल साधन."

उदाहरण मला एकदम पटलं. माझ्यापेक्षा जास्त काकाजींना पटलं, हे मला डिसेंबरात कळलं. कापूस विकून ते चुकारा घेऊन आले. मी वही उघडली आणि बोट ठेवत खाली आलो. सरकी, युरिया, पोटॅश, बरोबर, बरोबर. मग बोट थांबलं.

"हे काय हाये? वेलस्ली?"

"ते तणनाशक काकाजी. तुम्ही नेलं होतं ना ऑगस्टात, लाल बाटली."

"तणनाशकाले तणनाशक लिहा लागते. वेलस्ली मी नेला नाही." त्यांनी चष्मा लावला, वही उजेडाकडं धरली. "अक्षर तुमचं. शाई बाकीच्या पानापेक्षा निळी."

"पेन बदललं असेल."

"हे झालं बहिरंग. आता अंतरंग." ते सरांकडं वळले. "लिहिणाऱ्याचा फायदा काय ते पाहाव लागते न सर? लिहिणारा दुकानदार. तीनशे ऐंशी रुपयाचा फायदा उघड हाये. दुसरं साधन हाये काय? पावती?"

पावती नव्हती. मी आशेनं सरांकडं पाहिलं. ते तर त्या वेळी तिथंच होते, बाटली त्यांनीच मांडली होती, घटनेचे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते.

सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पद्धत अगदी बरोबर आहे काकाजींची," आणि आपल्या फीच्या तिसऱ्या बॅगेची नोंद कुठं आहे ते पाहायला वही स्वतःकडं ओढली.