काका, ‘हिस्टर’ म्हणजे हिटलर नाही, नदी आहे

कुठं मिसाईल पडलं की तोच फॉरवर्ड परत फिरायला लागतो, या वेळी आमच्या मोठ्या काकांनी टाकलाय. फ्रेंच ज्योतिषी नॉस्ट्राडेमसने साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या भविष्याच्या कडव्यांत हिटलरचं नाव लिहून ठेवलं, ट्विन टॉवर सांगितले, सद्दाम सांगितला, आता तिसरं महायुद्ध, आणि जगाला तारणारा नेता म्हणे भारतातला. काका, रागावू नका, पण एकेक बघूच.

हिटलर. मूळ कडव्यात शब्द आहे ‘हिस्टर’. युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या खालच्या भागाला लॅटिनमध्ये इस्टर किंवा हिस्टर म्हणायचे, आणि त्याच कडव्यात भुकेली जनावरं नद्या पोहून जातायत, म्हणजे विषय नदीचाच चाललाय. हे छापलं १५५५ साली, तेव्हा त्या नदीच्या खोऱ्यात तुर्कांच्या स्वाऱ्या चालूच होत्या, १५२९ ला तर ते व्हिएन्नाला वेढा घालून गेलेले, मग यात भविष्य कुठं आलं, ही तर त्याच्या वेळची चालू बातमी! बरं, दुसऱ्या महायुद्धात हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याने हेच श्लोक जर्मनी जिंकणार म्हणून वाटले आणि ब्रिटिशांनी नॉस्ट्राडेमसच्याच नावावर जर्मनी हरणार असे बनावट छापून वाटले. एकच बुवा, दोन्ही पार्ट्यांना आशीर्वाद.

ट्विन टॉवर. ‘दोन भाऊ कोसळतील’वालं कडवं त्याचं नाहीच. कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने १९९७ च्या आसपास मुद्दाम रचलेलं, की बघा असलं मोघम काहीही लिहिलं तरी कशालाही लावता येतं. फिरणाऱ्या मेलमध्ये खाली सही होती ‘नॉस्ट्राडेमस, १६५४’, आणि माणूस गेला १५६६ ला.

सद्दाम. शब्द ‘माबुस’ (mabus). तो रोमन लिपीत उलटा लिहायचा, मग त्यातला बी आरशात धरून डी करायचा, की होतं सुदाम. सद्दाम नाही, सुदाम! आमच्या गावात तीन आहेत.

आता भारतातला नेता, हे मात्र मस्तय. फॉरवर्डमध्ये ‘तीन समुद्रांनी वेढलेला देश’ आणि ‘गुरुवार पाळणारा’. गुरुवार खरंच आहे. पण समुद्र नाहीत, तिथं ‘जलाची त्रिपुटी’ आहे, आणि नॉस्ट्राडेमस ज्योतिषी होता हो, ही ज्योतिषातली साधी संज्ञाय: कर्क, वृश्चिक, मीन, आपल्या पंचांगातल्या जलराशी. काका स्वतः पत्रिका बघतात, त्यांना तर हे झोपेत कळायला हवं होतं.

राहिलं महायुद्ध. त्याने स्पष्ट सालासकट सांगितलेलं गाजलेलं कडवं म्हणजे १९९९, सातवा महिना, आकाशातून दहशतीचा राजा येणार. कुणी आलं नाही. यावर काकांचं उत्तर तयार आहे, ‘अरे कारगिल!’ ठीकय, मग कारगिल सुरू झालं त्या मे महिन्याच्या आधी कुणी या कडव्यातून कारगिल काढून दाखवलेलं असेल तर तो कागद टाका ग्रुपवर.