खर्चाचा गिनी, उत्पन्नाचा गिनी

विषमतेवरच्या तुमच्या लेखात भारताचा गिनी निर्देशांक (० म्हणजे सगळे समान, १०० म्हणजे सगळं एकाच्याच हाती) २५.५ आणि अमेरिकेचा ४१.८ शेजारीशेजारी ठेवून आपण जास्त समान असल्याचं म्हटलंय. अहो, पण आपला आकडा २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीवरचा आहे, अमेरिकेचा उत्पन्नावरचा! खर्चातली दरी उत्पन्नातल्या दरीपेक्षा सहसा कमी दिसते. आमच्याकडे नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठची माणसं मजुरीला येतात. मजुराची कमाई किराणा, दवाखाना आणि उसनवारीतच संपते. बागायतदाराचा हंगाम साधला तर तो नाशिक शहरात गंगापूर रोडला फ्लॅट घेतो. पाहणीत हा फ्लॅट खर्च म्हणून धरतच नाहीत. झाली समानता! उत्पन्न धरलं की चित्र पालटतं: वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार त्याच वर्षी वरच्या एक टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न होतं. (तोही अंदाजच, आयकराच्या आकड्यांवर बेतलेला. पण शेतीच्या उत्पन्नाला आयकरच नाही, त्यामुळे आमचे बागायतदार तिथेही निसटतात.)

लेखातल्या सामाजिक विखंडनाच्या निर्देशांकाचं तर विचारूच नका. सहज निवडलेली दोन माणसं वेगवेगळ्या गटांतली असण्याची शक्यता, एवढंच तो सांगतो. त्यातला मालक कोण नि मजूर कोण, हे त्याच्या गावीही नाही. कितीतरी वर्षं अभ्यासक यासाठी जगातल्या लोकसमूहांचा १९६४ चा सोव्हिएत अ‍ॅटलास वापरत होते, आणि त्यातले गट मुख्यतः भाषेवरून पाडलेले. मग जात कुठे मोजणार? १९३१ नंतर आपल्या जनगणनेत सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्धच झालेले नाहीत. लेखकाने तक्त्याखाली निदान 'खर्च' की 'उत्पन्न' एवढं तरी लिहावं.