ए साडेतीन

पुतणीचं लग्न माघात ठरलं आणि साखरपुड्याचे फोटो घरच्या ग्रुपवर आले. त्यात कडेला उभा राहून तोंडभर हसणारा पिवळ्या दातांचा इसम मीच होतो. बायकोनं फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि नुसतं "हं" म्हणाली. तिचा कुठला "हं" किती रुपयांना पडतो, हे मला आता अंदाजानं सांगता येतं.

सोलापुरात दात पांढरे राहायची सोयच नाही, हे मी तिला समजावून पाहिलं. पारा ४४ वर गेला तरी इथं चहा थांबत नाही. हळद, काळं तिखट आणि लालभडक शेंगाचटणीवर दही, हे आमचं नित्याचं जेवण. त्यावर बसून दात मोगऱ्यासारखे कसे राहतील? तिनं ऐकून घेतलं आणि सात रस्त्याजवळच्या डेंटिस्टबाईंची वेळ घेतली.

तोवर गावभर बातमी झाली. शेजारच्या काकूंनी लिंबू आणि खायचा सोडा सुचवला. भाच्यानं मोबाईलवर दातांना चिकटवून ते पांढरे करायच्या पट्ट्या आणि कोळशाची पेस्ट दाखवली, तीही डिस्काउंटमध्ये. पार्क चौकातला मित्र म्हणाला, "काय बे, नवरदेव तू हायस काय?" आणि आईनं आपली मिश्रीची डबी पुढं सरकवली. भाजलेल्या तंबाखूनं दात घासत तिची हयात गेली. डबी सोड म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, पोरांनी भांडणं केलीत. "माझे दात काळे हायत, पण हायत की," एवढंच तिचं उत्तर.

डेंटिस्टबाईंनी लिंबूही बाद केलं आणि कोळसाही. लिंबाच्या आम्लानं दाताचं वरचं कवच विरघळतं, कोळशानं खरवडलं जातं, आणि गेलेलं कवच परत येत नाही. गंमत म्हणजे त्याच्या आतला थर मुळातच पिवळसर असतो. म्हणजे पांढरे व्हावेत म्हणून घासत सुटलात, तर आतला पिवळा जास्तच दिसायला लागतो. वयानंही तेच होतं, असं त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या.

मग त्यांनी खोट्या दातांची एक पट्टी काढली. सोळा छटा, ए ते डी, प्रत्येकीला नंबर. एकेक दात माझ्या ओठाशी धरून बघत होत्या, साडीवर मॅचिंग ब्लाऊजपीस धरतात तसं. शेवटी निकाल लागला, "ए साडेतीन."

मला बरं वाटलं. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, त्यातलं तुळजापूर तर इथून हाकेवर. "ए रांगेत याच्या खाली फक्त ए चार आहे," बाई म्हणाल्या.

आधी दात साफ करून दिले. चहाचा थर त्यातच बराच उतरला, तसा मी खुर्चीतून उठायला लागलो. बायकोनं खांद्यावर हात ठेवून परत बसवलं.

आता निवड. क्लिनिकमध्ये करायचं तर हिरड्यांवर संरक्षक लेप, गाल ताणून धरायला प्लास्टिकची चौकट, आणि ३५-४० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे दात उजळवणारं रसायन. तासाभरात फरक, पण खिशालाही तेवढाच. घरी करायचं तर दातांचं माप देऊन पारदर्शक ट्रे बनवून घ्यायचा, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल भरून रात्री घालून झोपायचं, दोन-तीन आठवडे. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं साडेतीन टक्केच. परत साडेतीन! शेवटी दोन्हीकडे रंग जवळपास सारखाच येतो. झिणझिण्याही दोन्हीकडे, पण घरी दुखलं तर ट्रे काढून ठेवता येतो. खुर्चीत चौकट लावल्यावर "थांबा" म्हणायलासुद्धा ओठ मिटत नाहीत.

बाईंनी मग माझ्या पुढच्या दातावर टिचकी मारली. "ही कॅप आहे ना?" आहे. स्कूटरवरून पडलो होतो तेव्हाची, बाकीच्या दातांना जुळवून केलेली. कॅपवर जेलचा काहीही परिणाम होत नाही. म्हणजे सगळे दात उजळणार आणि मधोमध ही एकटी जुन्या सरकारची राहणार. रंग स्थिरावायला दोनेक आठवडे द्यायचे, मग नवी कॅप करायची. बायकोनं पुन्हा "हं" केलं. हा मोठा होता.

पथ्य सगळ्यांत अवघड. या दिवसांत रंग धरणारं काही खायचं नाही. चहा, हळद, चटणी बंद. पांढरं खा म्हणाल्या. आमच्याकडं पांढरं म्हणजे ज्वारीची भाकरी, तीही कडक. झिणझिणणाऱ्या दातांनी कडक भाकरी मोडायची म्हणजे आवाज भाकरीचा की माझा, हे घरच्यांना कळेना. त्यात हुरड्याचे दिवस. शेतात सगळे भाजलेल्या कणसांभोवती बसून चटणी लावून खातायत आणि मी दही चाटतोय. आई म्हणाली, "खायला दात, का दाखवायला? हत्ती हायस काय?"

तर ट्रे घरीच चालू आहे. तो घातला की मला नीट बोलता येत नाही, "स"चा "थ" होतो, म्हणून मी गप्पच पडतो. हे ध्यानात आल्यापासून माहेरच्या देण्याघेण्याचे, गच्चीच्या गळतीचे, माझ्या भावाच्या स्वभावाचे सगळे विषय बायको बरोबर ट्रे बसल्यावर काढते. परवा तर तिनं परस्पर डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, लग्नानंतरही हे चालू ठेवता येईल का. त्या म्हणाल्या, जास्त दिवस जेल लावणं चांगलं नाही.

"जेल नको हो," ही म्हणाली, "नुसता ट्रे चालेल का?"