नार्को चाचणीत आरोपी खरेच बोलतो, हा दावा निराधार आहे

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने नातेवाइकांच्या गटावर आलेला एक संदेश अभ्यासाच्या वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचा आशय असा: नार्को चाचणीत मेंदूतला खोटे बोलणारा भाग झोपतो, त्यामुळे आरोपी खरेच बोलतो, न्यायवैद्यक विज्ञानातले हे सर्वांत आधुनिक तंत्र आहे, न्यायालये गुन्हेगारांना वाचवण्यासाठी ते अडवतात, आणि निर्दोष माणसाने त्याला घाबरण्याचे कारणच नाही.

यांतले पहिले विधान सर्वांत घातक आहे. नार्को चाचणीत वापरतात ते सोडियम पेंटोथाल हे मुळात भूल देण्याचे औषध. ते शिरेतून बेताबेताने देऊन माणसाला अर्धवट शुद्धीत ठेवतात. त्याची जीभ जड होते, संकोच सुटतो आणि तो बोलू लागतो. पण खोटे बोलण्याचे काम मेंदूच्या एकाच कोपऱ्यात चालत नाही, की तेवढाच कोपरा झोपवता यावा. त्या गुंगीत आठवण कोणती, कल्पना कोणती आणि विचारणाऱ्याने सुचवलेले कोणते, हे बोलणाऱ्यालाच उमगत नाही. ‘चाकू विहिरीत टाकलास ना?’ या प्रश्नावर ‘हो, विहिरीत’ असे उत्तर येऊ शकते, मग त्याने ती विहीर कधी पाहिलेलीही नसो. उलट, मनाशी पक्की केलेली थाप गुंगीतही टिकते, हे १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठातील प्रयोगात दिसले होते.

आधुनिकतेचे म्हणाल, तर ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. टेक्सासमधील प्रसूतितज्ज्ञ रॉबर्ट हाउस यांनी १९१६ साली एका प्रसूतीत बाळाचे वजन करायला काटा मागितला, तेव्हा स्कोपोलामाइन या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या अमलाखाली असलेल्या आईनेच तो स्वयंपाकघरात चित्रामागच्या खिळ्याला अडकवला असल्याचे सांगितले. अशा एका उत्तरावरून त्यांनी सत्य वदवणाऱ्या औषधाचा सिद्धान्त उभा केला आणि १९२२ साली डॅलसच्या तुरुंगातील कैद्यांवर तो आजमावला. न्यायवैद्यकाचा पाया मात्र वेगळा आहे. फ्रेंच न्यायवैद्यक तज्ज्ञ एडमंड लोकार्ड यांनी १९१० साली फ्रान्समधील लिआँ येथे प्रयोगशाळा उभारली ती स्पर्शातून मागे उरणाऱ्या खुणांवर, म्हणजे धूळ, धागे, केस, ठसे यांवर. ती खूण दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा तपासता येते. गुंगीतली बडबड तशी तपासता येत नाही.

न्यायालयांवरचा आरोप सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्याचा निकाल वाचल्यास उरत नाही. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) (आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडणे) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचा आधार घेऊन सक्तीच्या नार्को, पॉलिग्राफ (नाडी, श्वास यांवरून खोटे ओळखू पाहणारी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी मोजणारी) या चाचण्या अवैध ठरवल्या. एवढे मान्य करावे लागेल की, स्वखुशीने दिलेल्या चाचणीच्या मदतीने पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर ती पुरावा म्हणून स्वीकारण्याची वाट त्याच निकालाने मोकळी ठेवली आहे. पण चाचणीतले बोलणे, संमती असली तरी, पुरावा ठरत नाही.

राहिला निर्दोष माणसाच्या भीतीचा प्रश्न. या औषधाने श्वास मंदावू शकतो, ही भीती तर आहेच. त्याहून गंभीर म्हणजे, गुंगीत त्याच्या तोंडून एखाद्या तिऱ्हाइताचे नाव निघाले, तर शुद्धीवर आल्यावर ते का निघाले हे त्याला आठवणार नाही. आणि ते खोडून काढायला ना त्याच्याकडे काही असेल, ना त्या तिऱ्हाइताकडे.