पारोसं कोण?

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला. गोरे लोक आठवड्यातून एकदा आंघोळ करतात, अत्तर फासून वास झाकतात, आणि स्वच्छता जगाला शिकवली ती आपण. त्यावर धडाधड अंगठे पडले. मी उत्तर लिहायला बसले, ते लांबलं, म्हणून इथे टाकते आहे.

युरोपात आंघोळच नव्हती, हे मुळात खरं नाही. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये सार्वजनिक स्नानगृहं होती. पाणी तापलं की गल्लीतून पुकारा व्हायचा, आणि उजाडायच्या आत ओरडू नये असा नियम करावा लागला होता. पुढे प्लेग आला, मग सिफिलिस आला. ऊन पाण्याने कातडीची छिद्रं उघडतात आणि त्यातून रोग आत शिरतो, असं तेव्हाचे वैद्यच सांगू लागले. स्नानगृहं बंद पडत गेली. ज्यांना परवडायचं ते अंग धुण्याऐवजी लिननचा पांढरा सदरा बदलू लागले, कारण सदरा अंगावरचा मळ ओढून घेतो अशी पक्की समजूत होती. याला मी घाणेरडेपणा म्हणणार नाही. जाणत्यांनी सांगितलं तशी ती माणसं वागली. २०२० साली आपणही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या होत्या.

पण मला खरी सांगायची आहे ती इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या किटी विल्किन्सनची गोष्ट. आयर्लंडमधून लहानपणी आलेली, मोलमजुरी करून जगणारी बाई. १८३२ साली शहरात पटकीची साथ आली. तिच्या गल्लीत पाणी तापवायचा मोठा हंडा फक्त तिच्याकडे होता. तिने दार उघडलं आणि शेजारपाजारच्या बायकांना आजाऱ्यांचे कपडे, अंथरुणं तिथे धुवायला बोलावलं. आठवड्याला एक पेनी. उकळतं पाणी आणि ब्लीचिंग पावडर. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो या डॉक्टरने लंडनमधल्या पाण्याच्या एका पंपावरून दाखवलं ते १८५४ साली, म्हणजे त्यानंतर बावीस वर्षांनी! १८४२ मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर गरिबांसाठी सार्वजनिक न्हाणीघर आणि धुणीघर उघडलं. १८४६ मध्ये संसदेने अशा घरांसाठी कायदा केला, आणि त्याच वर्षी फ्रेडरिक स्ट्रीटचा कारभार किटी आणि तिच्या नवऱ्याकडे आला. साबणावरचा कर मात्र १८५३ पर्यंत चालूच होता. एका खोलीत आठ-दहा माणसं, नळ नाही, सरपण विकतचं, साबणावर कर, आणि वरून याच लोकांना 'न धुतलेली गर्दी' म्हणून नाव ठेवायचं. म्हणून मला त्या मेसेजचा राग येतो. पाणी कुणाच्या ताब्यात आहे हे न विचारता आपण माणसाला घाणेरडं ठरवतो.

आणि हे आपण काही कमी केलेलं नाही. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन त्या पाण्यापाशी गेले, ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा मारहाण झाली. नंतर शेण, गोमूत्र, दही, दूध मिसळलेल्या घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारे सोवळे, आणि तहानलेले अस्वच्छ. ज्यांना पिढ्यान् पिढ्या पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांनाच 'स्वच्छ राहत नाहीत' असं ऐकवणारी माणसं मी लहानपणी माझ्याच घरात पाहिली आहेत. त्याची लाज वाटते.

माझं माहेर लातूरचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या महिन्यात मी घरी होते. लहान भाच्याला खाटेवर बसवायचो, खाली परात ठेवायची, अंगावरून गळलेलं पाणी त्यात धरायचं, आणि ते संडासाला वापरायचं. मोठ्यांची आंघोळ चौथ्या दिवशी, दोन तांबे. डोक्यावरून न्हाणं तर विसरूनच गेलो होतो.

माझी आई जन्मात कधी पारोशी स्वयंपाकघरात गेली नव्हती. आम्हालाही जाऊ द्यायची नाही. चहासुद्धा आंघोळीनंतरच. त्या एप्रिलमध्ये ती सकाळी पंच्याचं टोक पेलाभर पाण्यात भिजवायची, तोंड, मान, हात पुसायची, आणि तशीच देवापुढे दिवा लावायला बसायची. पहिल्या दिवशी हात जोडून खूप वेळ बसली होती. मी विचारलं, "आई, काय झालं?" म्हणाली, "काही नाही गं. पारोशीच आले, चालवून घे, असं सांगत होते त्याला."