लिदित्सेनं कोणालाही लपवलं नव्हतं

माझ्या भाचीनं वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ केलेलं भाषण परवा आम्हाला म्हणून दाखवलं. विषय होता 'त्याग'. आवाज खणखणीत, हातवारे नेमके, आणि मजकूर शब्दन्‌शब्द आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचललेला. तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: जर्मनीच्या सरहद्दीवर, बर्फाळ डोंगरांच्या कुशीत लिदित्से नावाचं चिमुकलं चेक गाव होतं. हिटलरचा उजवा हात हायड्रिख याला मारणाऱ्या दोन वीरांना या गावानं लपवलं. नाझींनी वेढा घातला, पण एकानंही तोंड उघडलं नाही. मग अख्खं गाव चर्चमध्ये कोंडून जाळलं. एकही जीव वाचला नाही. आज तिथे रस्ता जात नाही, माणूस राहत नाही, फक्त लाल गुलाब आपोआप उगवतात. 'आणि आपल्याकडे मात्र घरोघरी फितूर!' शेवटी जोडलेले हात.

मोठ्यांनी काहीही पुढे ढकलावं, आपण सोडून देतो. पण आता हे एक मुलगी व्यासपीठावरून इतिहास म्हणून सांगणार आहे.

भूगोल आधी उरकून टाकू. लिदित्से सरहद्दीवर नाही, प्रागच्या वायव्येला जेमतेम 20 किलोमीटरवर आहे. डोंगर नाहीत, हलक्या चढउताराची शेतजमीन आहे. गावाची पहिली लेखी नोंद 1318 सालची. 1942 मध्ये वस्ती सुमारे 500. शेजारच्या क्लाद्नोमधल्या खाणी आणि पोलादाचे कारखाने हीच बहुतेक पुरुषांची रोजीरोटी. म्हणजे राजधानीच्या हाकेच्या अंतरावरचं, पाळीला जाणाऱ्या कामगारांचं साधं गाव.

आता खरा मुद्दा. लिदित्सेनं मारेकऱ्यांना लपवलं, हे सगळ्यात आधी कोणी सांगितलं? नाझींनी. 10 जून 1942 रोजी त्यांनी जे अधिकृत निवेदन प्रसिद्ध केलं, त्यात हेच होतं: या गावच्या लोकांनी हायड्रिखच्या मारेकऱ्यांना मदत केली, गावात शस्त्रं, दारूगोळा आणि बेकायदा ट्रान्समीटर सापडला, गावचे लोक परदेशात जर्मनीविरुद्ध लढतायत. आपला फॉरवर्ड हेच निवेदन आहे, फक्त जिथे 'गुन्हा' होता तिथे 'शौर्य' घातलंय. खुन्याचं निमित्त आपण खरं मानतो आणि वर त्याला हार घालतो!

प्रत्यक्षात काय झालं होतं? जर्मनीनं व्यापलेल्या चेक मुलखाचा कारभार हायड्रिखच्या हाती होता. 27 मे 1942 ला प्रागमध्ये त्याच्यावर हल्ला झाला. करणारे योझेफ गाब्चिक आणि यान कुबिश, दोघेही ब्रिटनहून विमानानं येऊन पॅराशूटनं उतरलेले. 4 जूनला हायड्रिख मेला. त्याच सुमारास स्लानी गावातल्या एका कारखान्याच्या मालकाच्या हाती तिथल्या कामगार मुलीला आलेलं एक पत्र पडलं. लिहिणारा एक विवाहित गडी होता. त्याला तिच्यापासून सुटका हवी होती, म्हणून आपण काही गुप्त कामात असल्याचा आव त्यानं आणला होता. मालकानं ते पत्र पोलिसांना दिलं. मुलीच्या चौकशीत लिदित्सेच्या होराक कुटुंबाचं नाव निघालं, कारण त्यांच्या परदेशात गेलेल्या मुलाबद्दलचा निरोप द्यायला त्या गड्यानं तिला सांगितलं होतं. गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, घरं उलथीपालथी केली. हाती काही लागलं नाही. हल्ल्याशी गावाचा संबंध नाही, हे तपास करणाऱ्यांनाही कळलेलं होतं.

तरीही 9 जूनला, हायड्रिखच्या अंत्यविधीनंतर, प्रागमधला बडा नाझी अधिकारी कार्ल हेर्मान फ्रांक यानं हिटलरचा हुकूम बर्लिनहून फोनवर प्रागला कळवला: पुरुषांना गोळ्या, बायका छळछावणीत, मुलांपैकी 'जर्मन होण्याजोगी' निवडायची, गाव जाळून सपाट करायचं. सूड घ्यायला एक गाव हवं होतं, आणि या गावाचं नाव कागदावर आलेलं होतं. बस, एवढंच.

'एकानंही तोंड उघडलं नाही' म्हणे. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. लपवणाऱ्याला निदान आपण काय पत्करतोय हे ठाऊक असतं. रात्रपाळीहून घरी परतणाऱ्या खाणकामगाराला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या मरणाला 'त्याग' म्हणणं म्हणजे त्याचा खून झाला हे झाकणं आहे.

हो, निवेदनातली एक गोष्ट खरी होती. होराक आणि स्त्रिब्रनी या दोन घरांतले मुलगे ब्रिटिश हवाई दलात होते. पण हायड्रिखला मारायला आलेले ते नव्हेत. आणि ट्रान्समीटरही खरा होता, पण दुसऱ्या गावात! पूर्व बोहेमियातल्या लेझाकी या वाडीत पॅराशूटवाल्यांचा ट्रान्समीटर खरोखर होता आणि तिथल्या लोकांनी जाणूनबुजून मदत केली होती. 24 जूनला लेझाकी जाळली, मोठ्या 33 माणसांना गोळ्या घातल्या, 13 मुलांतल्या दोन बहिणी तेवढ्या वाचल्या. ती वाडी पुन्हा वसली नाही. चर्चमध्ये कोंडून जाळण्याचा प्रसंग तर फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लानचा, 10 जून 1944 चा, आणि तिथेही चर्चमध्ये बायका-मुलं होती. तारीख लिदित्सेचीच, साल दोन वर्षांनी पुढचं. तीन गावांची खिचडी करून आपल्या ताटात वाढलीय.

लिदित्सेत 10 जूनला 173 पुरुषांना होराकांच्या वाडीच्या आवारात गोळ्या घातल्या. गोळ्या भिंतीवरून उसळू नयेत म्हणून घराघरांतल्या गाद्या आणून लावल्या होत्या. 73 वर्षांचे पाद्री योसेफ श्तेम्बेर्का त्यांच्यातच होते. त्या दिवशी गावाबाहेर असलेले लोक आणि होराक-स्त्रिब्रनी कुटुंबं यांना काही दिवसांनी प्रागमध्ये मारलं. बायकांना क्लाद्नोच्या एका शाळेत ठेवलं, तिथे मुलं हिसकावून घेतली आणि बायकांना जर्मनीतल्या राव्हेन्सब्र्युकच्या छळछावणीत पाठवलं. 82 मुलं पोलंडमधल्या खेल्मनोच्या मृत्युछावणीत विषारी वायूच्या गाड्यांत मारली गेली. लिदित्सेचं स्मारक एकूण आकडा 340 देतं: 192 पुरुष, 60 स्त्रिया, 88 मुलं.

'एकही जीव वाचला नाही' या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. युद्धानंतर 143 बायका परत आल्या. मुलांचा शोध दोन वर्षं चालला आणि 17 सापडली. त्यांतली काही आपली भाषा विसरून जर्मन बोलत होती, आईशी बोलायला दुभाषा लागत होता. ही माणसं पुढे कित्येक दशकं साक्ष देत राहिली, आणि आपण एका ओळीत त्यांनाही मारून मोकळे.

राहिला फितुरीचा टोमणा. फितुरी झालीच होती. कारेल चुर्दा हा ब्रिटनहूनच आलेला एक पॅराशूटवाला 16 जूनला स्वतःच्या पायांनी गेस्टापोकडे गेला. 18 जूनला प्रागच्या रेस्लोव्हा रस्त्यावरच्या चर्चमध्ये गाब्चिक, कुबिश आणि त्यांचे पाच साथी मेले ते त्यामुळे. तोवर लिदित्से संपून आठवडा उलटला होता. चुर्दाला 1947 मध्ये फाशी झाली. तेव्हा 'त्यांच्याकडे असे, आपल्याकडे तसे' हे पुरे करा.

गुलाबांचं काय? आपोआप उगवायला ती काय रानटी घाणेरी आहे? इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचे डॉक्टर आणि राजकारणी बार्नेट स्ट्रॉस यांनी 1942 मध्येच तिथल्या खाणकामगारांना हाताशी धरून लिदित्सेसाठी मोहीम काढली. पुढे त्यांच्याच पुढाकारानं देशोदेशीची रोपं आली आणि 1955 मध्ये ती बाग झाली. तिला माळी लागतात, खत लागतं, छाटणी लागते.

गाव ओसाड नाही. जुन्या जागेच्या शेजारी 1947 मध्ये नव्या लिदित्सेची पायाभरणी झाली आणि 150 घरं बांधली. लहान मुलांच्या चित्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन तिथे भरतं, आपल्याकडची मुलंही त्याला चित्रं पाठवतात. नकाशात नाव आहे, सरपंच आहे, आणि प्रागहून रोज बस जाते.