बोट बार्बाडोसला, घोर फोंड्याला

गोव्यात राहून ‘आम्ही क्रूझला जाणार आहोत’ असं कुणाला सांगण्याची सोय नाही. समोरचा लगेच विचारतो, “कुठली? सांता मोनिका जेटीवरची?” मांडवीत तासभर फिरणारी ती दिव्यांच्या माळा लावलेली बोट, डेकवरचे देखणी-फुगडीचे नाच आणि मग डीजेच्या हुकमावरून नाचणारे पाहुणे. घाटावरून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला आपणच तिथे नेऊन बसवलेलं असतं. त्यामुळे “नाही हो, परदेशातली” असं म्हटलं की समोरच्याची नजर आपल्या चपलांपासून वर चढायला लागते.

आमची क्रूझ बार्बाडोसच्या ब्रिजटाऊन बंदरातून सुटते. बार्बाडोसच का, याचं उत्तर पुण्यात राहतं. माझा धाकटा मेहुणा. २९ जून २०२४ रोजी तिथल्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला आणि भारतानं सात धावांनी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. ती सीमारेषा प्रत्यक्ष बघायची, असं तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलंय. रोहित शर्मानं खेळपट्टीची माती चिमूटभर तोंडात टाकली होती, तीही याला टाकायची आहे. “दाजी, आयुष्यात एकदा तरी!” माती खायला इतक्या लांब कशाला जायचं, पुण्यात बसून तुझं बरं चाललंय की, असं मी म्हणालो. मनातल्या मनात म्हणालो, कारण बायको शेजारीच बसली होती.

बायकोला क्रूझ हवी होती, तिच्या भावाला ओव्हल. दोन्हींचा लसावि काढला तो ब्रिजटाऊन आला. बेट साधारण ४३० चौरस किलोमीटरचं. गोव्यात अशी आठ बेटं बसतील आणि वर थोडी जागा उरेल, ती दिल्लीचा कोणीतरी विकत घेईल.

बार्बाडोसला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. हे वाचल्यावर घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. पुढे कळलं की बार्बाडोसला व्हिसा लागत नाही, बार्बाडोसला पोचायला लागतो. आपल्याकडून तिथे थेट विमान नाही. लंडनवरून जावं, तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकता नुसतं विमान बदलायलाही आपल्या पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा हवा. आधीच कुठला वजनदार व्हिसा गाठीशी असेल तर सूट मिळते. आमच्या गाठीशी फक्त आधार कार्ड. अमेरिकेवरून जावं तर त्यांचा ट्रान्झिट व्हिसा, टोरांटोवरून जावं तर कॅनडाचा. मुलीकडच्यांनी होकार कळवावा आणि वाटेतल्या प्रत्येक गावानं वरात वेशीवर अडवून धरावी, तशी गत.

बोट वाटेत जिथे जिथे थांबते तिथली तऱ्हा आणखी निराळी. डॉमिनिका आणि ग्रेनाडा आपल्याला व्हिसा मागत नाहीत, देव त्यांचं भलं करो. मार्टिनिक मात्र फ्रान्सचं. तिथे युरो चालतो, तिथले लोक फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षासाठी मतदान करतात, पण ते बेट शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. त्यामुळे पॅरिस बघायला घेतलेला साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. मेहुण्याच्या हे काही केल्या गळी उतरेना. “ते फ्रान्स आहे की नाही, एवढं एकदा सांगा!” असं तो व्हिडिओ कॉलवर ओरडत होता. गोव्याच्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. १९५१ साली लिस्बननं कागदावर आमची वसाहत पुसून तिथे ‘सागरापारचा प्रांत’ असं लिहून टाकलं होतं. त्यानं फोंड्याच्या बाजारात बांगड्याचा भावसुद्धा हलला नसेल.

या सगळ्या प्रकरणातले आमचे तज्ज्ञ म्हणजे शेजारचे पात्रांव. हे त्यांचं नाव नव्हे, पण सगळे त्यांना पात्रांवच म्हणतात. अस्सल तारवटी. उभी हयात क्रूझच्या बोटींवर स्टुअर्ड म्हणून काढली, आता बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देतात. आम्ही क्रूझला निघालोय हे कळल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “तूं पयसे दिवन बोटीर वता? आमी पयसे घेवन वताले!” आणि त्यानंतर आठवडाभर वाड्यावरच्या प्रत्येकाला ते हेच सांगत होते.

पात्रांवांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. लंडनला विमान बदलताना त्यांच्याकडे कुणी ट्रान्झिट व्हिसा मागत नाही. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनमध्ये जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, हे त्यांनी आम्हाला तपशीलवार समजावून सांगितलं. घरी येऊन मी ते सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांचे डोळे हळूहळू आईकडे वळले. आईचा जन्म १९५०चा, म्हार्दोळचा.

आई सुपात तूर निवडत होती. “काय रे, असे का बघताय सगळे?” बायकोनं चाचरत विषय काढला. आईनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, “तुझे आजोबा पोर्तुगीजांच्या आग्वादच्या तुरुंगात कशाला जाऊन बसले होते? तुला क्रूझमध्ये बसायला मिळावं म्हणून?” मग तिनं एक खडा उचलून सुपाबाहेर भिरकावला. तो माझ्या पायाशी येऊन पडला. विषय तिथेच संपला. पोर्तुगीज झालं की भारतीय नागरिकत्व जातं, हे मेहुण्याला इंटरनेटवर सापडलं ते त्यानंतर दोन दिवसांनी, आणि ते वाचून दाखवायची हिंमत त्याच्यात नव्हती.

आईचा मूळ आक्षेप वेगळाच आहे. तिच्या लेखी बोट म्हणजे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर चढायचं, वाटेत रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला बघायचं आणि पणजीला उतरायचं. लग्नानंतर ती ट्रंकेवर बसून अशी आली होती. बोटीत बसायला आधी इतकी विमानं कशाला बदलायची, या तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. दुसरा प्रश्न, बोट लागली तर? हल्लीच्या बोटींना स्टॅबिलायझर असतात, असं मी ऐटीत सांगितलं. “ते बोटीला की पोटाला?” आवळासुपारीची बरणी तिनं आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे. होय, आईपण येणार आहे. बोटीवर व्हीलचेअर मिळते, हे पात्रांव तिला सांगून बसले. तिला व्हीलचेअर लागत नाही, पण मिळत असेल तर सोडायची कशाला?

तारीख ठरवताना तर पंचांग, हवामान खातं आणि दहावीचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडून बसावं लागलं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्या समुद्रातला चक्रीवादळांचा हंगाम. खुद्द विश्वविजेता भारतीय संघच सामना जिंकल्यावर बेरिल वादळापायी बार्बाडोसमध्ये अडकला होता, विमानतळ बंद. शेवटी खास विमानानं तो ४ जुलैला दिल्लीत उतरला. आमच्यासाठी फोंड्याहून कोण खास विमान धाडणार? कदंबाची बस तेवढी धाडतील. तशीही चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, त्याच काळात येते, आणि चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून कॅरिबियन समुद्रात होतो, असं सांगितलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. डिसेंबरात नाताळचे दर. माघात मंगेशीची जत्रा. मार्चमध्ये शिगमो आणि मेहुण्याच्या मुलीची दहावी. एवढं सगळं वजा केल्यावर जानेवारीतला एक आठवडा हाती लागला. त्या आठवड्यात वहिनींच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न आहे. ते लग्न पुढे ढकलता येईल का, अशी चौकशी सध्या चालू आहे.

बोट कुणासाठी थांबत नाही, हे पात्रांव दर भेटीत सांगतात. धक्क्यावरून पिशव्या सांभाळत धावत येणारी माणसं आणि त्यांना डेकवरून टाळ्या वाजवून चेव आणणारे प्रवासी, हा म्हणे प्रत्येक बंदरातला ठरलेला खेळ. बोट सुटली तर पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठायचं. आणि पुढचं बंदर मार्टिनिक! म्हणून निदान एक दिवस आधी ब्रिजटाऊनला पोचायचं. मोपाहून मुंबई, तिथून लंडन, तिथून ब्रिजटाऊन, आणि सात रात्रींनी हेच उलट. त्यातही तिकीट मोपाचं आहे की दाबोळीचं, हे घराबाहेर पडण्याआधी तपासायचं. दोन विमानतळ झाल्यापासून चुकीच्या विमानतळावर बॅगा घेऊन उभा असलेला माणूस गोव्यात कुणी वळून बघण्याजोगा राहिलेला नाही.

खोल्यांचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून घरात अजून धुसफूस आहे. बाल्कनीची खोली महाग, बिनखिडकीची स्वस्त. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूनं बोललो. झोपल्यावर समुद्र कुठे दिसतो? यावर बायकोनं काही उत्तर दिलं नाही, त्यावरून काय ते समजलो.

वहिनींचा जीव मात्र इलेक्ट्रिक किटलीत अडकला आहे. पहाटे पाचला चहा नसेल तर त्यांचा दिवस उगवत नाही, आणि किटली, इस्त्री असल्या वस्तू बोटीवर न्यायला मनाई. आगीची भीती. वहिनींनी चिकाटीनं चार वेळा विचारून घेतलं, छोटीशी चालेल का, फक्त एका कपाची?

बिलात दर माणशी दर दिवशी टिपेचे डॉलर आपोआप लागतात, हे वाचून मी पात्रांवांच्या बलकांवात बसून जरा कुरकुर केली. त्यांनी हातानं वरचं छप्पर दाखवलं. “हें घर त्या टिपांचेर उबें आसा.” मी त्यांचा चहा निमूट संपवला.

राहिला सोमवार. आमच्याकडे सोमवारी शिवराक. बोटीवर रोज शाकाहारी जेवण मिळतं, पण अडचण ती नव्हती. बार्बाडोसचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. तिथे सोमवारी संध्याकाळी पाच वाजले असतील तेव्हा फोंड्यात मंगळवार उजाडायच्या वाटेवर असेल. मग समोर तळलेला मासा आला तर तो खायचा की नाही? मेहुण्याचं म्हणणं, देव गोव्याचा, तर वारही गोव्याचाच धरायचा. आईनं निकाल दिला: “जिथलं पान, तिथला वार.” मेहुणा तेव्हापासून मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात जायची भाषा करतो आहे.

परवा कंपनीचा निरोप आला. काही कारणास्तव मार्टिनिकचा थांबा रद्द, त्याऐवजी बोट दिवसभर भर समुद्रातच राहील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मेहुण्यानं फोन करून ही बातमी इतक्या आनंदानं सांगितली की मला वाटलं, आपण आणखी एक विश्वचषक जिंकलो. भर समुद्राचा व्हिसा लागत नाही. बाकीची बेटंही अशीच एकेक करून रद्द होतील, या आशेवर आम्ही आता बॅगा भरायला घेतल्या आहेत. ओव्हल तेवढं जागेवर राहिलं म्हणजे झालं.